चांदसैली घाट आणि शंभरातले दहा गुण

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ म्हणजे किती हे ड्रायव्हरच ठरवतो. केळी-पपईचे मळे मागे पडले, कोठार गेलं आणि चांदसैली घाट सुरू झाला. 2021च्या सप्टेंबरात इथेच दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक नवरा पायी निघाला. ती वाटेतच गेली. शेजारच्या काकांनी वळणावर बोट दाखवलं, बोलले काहीच नाहीत.

2018च्या जानेवारीत केंद्राने देशातले जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. नवा पैसा फारसा नाही. आहेत त्याच योजना एकत्र आणायच्या आणि 49 निर्देशांकांवर प्रगती मोजायची. यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. जिल्हा कुठे आहे यापेक्षा तो किती पुढे सरकला यावर दरमहा क्रमवारी लागते. नाहीतर नंदुरबारने पुण्याशी कसली स्पर्धा करायची?

खटकतं ते गुणांचं वाटप. आरोग्य-पोषणाला 30, शिक्षणाला 30, शेती-पाण्याला 20, आणि रस्ते वगैरे पायाभूत सुविधांना फक्त 10. सातपुड्यात हे गणित जमत नाही.

धडगावच्या पुढे एका पाड्यावर आशाताई भेटल्या. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली का, हा माझा शहरी प्रश्न. त्या म्हणाल्या, “वाढली ना दादा. पण गाडी डांबरापर्यंतच येते. कळा सुरू झाल्या की चार माणसं गोळा करायची, बांबूला गोधडीची झोळी बांधायची, अन् डांबर लागेपर्यंत चालायचं. पावसाळ्यात नाला भरला तर तिथंच बसायचं.” आरोग्याचे तीसही गुण असे त्या दहांवर लटकलेले. नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या गावांकडे तर बोट ॲम्ब्युलन्स जाते. तिथे पाणी हाच रस्ता.

मे महिना होता. उतारावर, खडकांवर, छपरांवर, जागा मिळेल तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. आंबूस वास नाकात बसतो. एक आजी विळ्याने कैऱ्या सोलत होत्या. बोटांना चिकाने काळे डाग पडले होते. आमचुराला भाव काय मिळतो?

“पावसाच्या आधी माल खाली गेला तर बरा. नाहीतर व्यापारी सांगेल तो.”

“आणि रस्ता झाला तर?”

“मग व्यापारी दारात येईल. दोन आले तर भाव मी सांगेन.”

त्याची रंगीत तालीम त्यांनी माझ्यावरच केली. किलोभर आमचूर धडगावच्या बाजारापेक्षा चढ्या दराने माझ्या गळ्यात मारलं, आणि मी घासाघीसही केली नाही.