तेलाच्या डब्यातली सदाफुली

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, तेलाच्या एका जुन्या डब्यात सदाफुली आहे. गेल्या वर्षी आत्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला आणि तिच्या केमोथेरपीच्या कागदावर व्हिन्क्रिस्टीन हे नाव दिसले. हे औषध सदाफुलीतूनच मिळते असे मी बोलून गेलो, तेव्हा शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "मग रोज चार पानं चावून खायला सांगा की! सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

काकूंच्या म्हणण्याला आधार नव्हता असे नाही. मधुमेहावर सदाफुलीची पाने खाण्याची वहिवाट आपल्याकडे आहे, तशी ती जमैकातही होती. तिथली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांकडे पोहोचली, ती याच समजामुळे. साखर मात्र हलली नाही. अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाशी या निरीक्षणाचा संबंध त्यांनी जोडला आणि १९५८ साली पानांतून व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर झाले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आले. म्हणजे परंपरेने झाड अचूक दाखवले, रोग मात्र दुसराच सांगितला.

पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणाऱ्या ज्या सूक्ष्म नलिका तयार होतात, त्या व्हिन्क्रिस्टीन बनूच देत नाही. तशाच नलिका मज्जातंतूंतही असतात, त्यामुळे तिसऱ्या इंजेक्शननंतर आत्याला ब्लाउजचे हूक लावता येईनात; बोटांना मुंग्या यायच्या. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण २ मिलीग्रॅमच्या वर न देण्याचा प्रघात आहे. पानांत हे द्रव्य इतके अत्यल्प असते की ग्रॅमभरासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, शिवाय त्याच पानांत इतर शंभरावर अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतिजन्य द्रव्ये, असतात. अशा औषधाचे माप चार पानांनी कसे घ्यायचे?

परंपरेच्या कौतुकात नरक्याची गोष्ट मात्र सहसा येत नाही. सह्याद्रीतल्या या झाडाच्या शास्त्रीय नावातही पूर्वी ‘फोएटिडा’, म्हणजे दुर्गंधच होता. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य असते; मुळात ते एका चिनी झाडातून १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळे केले. त्या झाडाचे नमुने अमेरिकेत आधी तपासले गेले ते स्टिरॉइडच्या शोधात, कुणा वैद्याच्या सांगण्यावरून नव्हे. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. त्यांचे नाव घ्यायला आपण फारच कंजूषपणा केला. पुढे १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले, आणि गोविंदाचारी तेव्हा आपल्या गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. या द्रव्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे आज अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात. नरक्याला मागणी आली ती त्यानंतर, आणि सह्याद्रीत त्याची चोरटी तोडही सुरू झाली.

आत्याचा उपचार संपत आला तेव्हा डॉक्टरांनी आणखी काय घेता असे सहज विचारले. आत्याने माझ्याकडे न बघता सांगितले, "दोन दिवस दोन-दोन पानं चावली होती. कडूजहर." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तारीख विचारून ती कागदावर लिहून घेतली.