एक बोर्ड बारा फूट हलवताना : माझा अनुभव

सायकल ट्रॅकवरचा एक बोर्ड हलवून घ्यायला मला सात महिने लागले. बोर्ड हलला, डोक्यातला राग मात्र अजून तिथेच आहे, म्हणून लिहून काढतोय.

मी विक्रोळीला राहतो. रिपोर्टमध्ये साखर निघाल्यापासून ऑफिसला सायकलने जातो. वाटेत एका उड्डाणपुलाच्या बाजूने सायकल ट्रॅक निघतो. (पुलाचं नाव लिहीत नाही, पूल कळला की कार्यालयही कळेल.) ट्रॅक जिथे सुरू होतो तिथेच पुलाचा चढ सुरू होतो. सुरुवातीला निळा गोल बोर्ड, त्यात पांढरी सायकल. म्हणजे सायकलींनी इथूनच जायचं. चार-पाच पावलांवर, ट्रॅकच्या बरोबर मधोमध, लाल कडेचा गोल बोर्ड. आत काळी सायकल, तिच्यावर तिरकी लाल रेघ. म्हणजे सायकलींना बंदी. बंदी अर्थातच पुलावर होती. पण खांब पुलाच्या तोंडाशी लावायचा सोडून ट्रॅकमध्ये रोवलेला.

पहिल्याच आठवड्यात हवालदाराने अडवलं. "काका, बोर्ड दिसत नाही का?" म्हटलं, साहेब, तो पुलासाठी आहे. तर म्हणाले, "पुलासाठी आहे असं त्यावर कुठं लिहिलंय?" यावर काय बोलणार? बरोबरच होतं त्यांचं. आमच्या बाजूने पाववाला दोन्ही हँडलला थैल्या लटकवून उलट दिशेने निघून गेला. त्याला ना निळा बोर्ड दिसत ना लाल. शहाणा माणूस.

तक्रार ॲपवर टाकली, फोटोसकट. नऊ दिवसांत 'क्लोज्ड'. शेरा : हद्दीत येत नाही.

इथून पुढे अडकलो तो अडकलोच. मुंबईत रस्त्याला मालक किती असतात याची मला कल्पना नव्हती. पालिका, एमएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), रेल्वे, पोर्ट. शिवाय एकाने बांधलेला रस्ता पुढे दुसऱ्याच्या ताब्यात जातो. आमच्या बोर्डाभोवती त्यातले तीन होते. कुठले ते विचारू नका. पहिलं कार्यालय म्हणालं, रस्ता आमचा, पण ट्रॅक आमचा नाही. दुसरं म्हणालं, ट्रॅक आमचा होता, आता हस्तांतरित झालाय. कुणाला? "ते पत्रात असेल." पत्र कुठे? "साहेबांकडे." साहेब? "राउंडला."

मी त्या दुसऱ्या कार्यालयात एकूण अकरा वेळा गेलो. ऑफिसमधून हाफ डे टाकून. आवक-जावकच्या बाईंशी इतकी ओळख झाली की एकदा त्यांनीच विचारलं, "अजून तोच बोर्ड का हो?" तिसऱ्या कार्यालयाने तर कमाल केली. पूल आमचा, बोर्डही कदाचित आमचा, पण तो ज्या जमिनीत रोवलाय ती आमची नाही, तेव्हा खोदायची परवानगी पहिल्या कार्यालयाकडून आणा. मी आणू? मी सायकलवाला आहे हो, कंत्राटदार नाही. त्या दिवशी बाहेर येऊन दोन कटिंग पाठोपाठ प्यालो आणि घरी आल्यावर बायकोवर उगाच डाफरलो.

एक सांगायचं राहिलं : पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. तारीख आणि शिक्का. माझं पहिलं पत्र पोच न घेता दिलं होतं, ते कधी सापडलंच नाही.

शेवटी माहिती अधिकार. महाराष्ट्रात ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत. माझा पहिला अर्ज मी तावातावाने लिहिला : बोर्ड ट्रॅकमध्ये का लावला, जबाबदार कोण, वगैरे. उत्तर आलं की खुलासा मागणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तेही बरोबरच. 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. दुसऱ्या अर्जात एकच ओळ टाकली : अमुक ठिकाणच्या वाहतूक चिन्हांच्या फलकांच्या कार्यादेशाची (म्हणजे वर्क ऑर्डरची) प्रत मिळावी. चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. हे मला आधी माहीत असतं तर त्या अकरा फेऱ्या वाचल्या असत्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्याला २० रुपये. माझ्यावर ती वेळ आली नाही.

कार्यादेश आला. तिसऱ्या कार्यालयाचा. 'फलक, नग १४.' ती प्रत हातात घेतल्यावर जे वाटलं ते दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

प्रत जोडून पत्र दिलं आणि पुढचं भराभर झालं. कनिष्ठ अभियंता बाइकवरून आला, पोरगाच होता, बोलायला चांगला. ट्रॅकवर उभा राहून मला म्हणाला, "काका, ट्रॅक कुठाय?" त्याची चूक नव्हती. हिरवा रंग कधीच उडालेला, वर टेम्पो लावलेले. (बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, सायकल ट्रॅकचं आठवतं ना? २०११ चा. तिथेही गाड्याच लागायच्या.) मी चपलेने धूळ बाजूला करून त्याला हिरवा तुकडा दाखवला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात बोर्ड बारा फूट सरकून पुलाच्या तोंडाशी गेला. खाली बाण आणि 'पुलावर' अशी पाटीही लावली. ती माझी सूचना होती. सकाळी मुद्दाम हवालदारासमोरून सायकल नेली. ते मोबाइल बघत होते.

जुना खांब मात्र उपटला नाही, कापला. चारेक इंचांचा खुंट अजून ट्रॅकमध्ये आहे. मी त्याला लाल रंग फासून ठेवलाय आणि पुन्हा अर्ज केलाय. तिथून जाणार असाल तर डावीकडून काढा. उजवीकडे गटाराची जाळी आहे, तिच्या फटी चाकाच्याच दिशेने आहेत.