तुम्ही विचारलंत म्हणून : बंदूक अजून का ठेवली?

"काकाजी, शिकार बंद झाली, पोरं पुन्याले गेले, आता काहून ठेवता ते बंदूक?" लग्नात, तेरवीत, एसटीत, सगळीकडे विचारून झालंय. आजवर मी एकच उत्तर देत आलो : डुकरं. ऐकणारा गप्प होतो, कारण यवतमाळ जिल्ह्यात ज्याचं वावर जंगलाला लागून आहे त्याला डुक्कर आणि रोही (नीलगाय) समजावून सांगावे लागत नाहीत.

उत्तर खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. माझ्या दुनळीनं वाचवलेली तूर मोजायला बसलो तर लायसनच्या नूतनीकरणासाठी घातलेल्या चकरांचा खर्चही निघणार नाही. हवेत बार काढला की डुकरं पळतात, पण ती फटाक्यानंही पळतात.

खरं कारण हे, की मला नेम धरायला आवडतो. १९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हा मी शाळेत होतो. बाबांनी ससे-तितर सोडले, बारा बोअरची दुनळी पुसणं सोडलं नाही. गजाला तेलाची चिंधी गुंडाळून नळ्या घासायच्या, मग बिजागरीवर मोडून उघडलेली बंदूक खिडकीकडे धरून नळ्यांच्या आत पाहायचं. नळी स्वच्छ असली की उजेडाची कडी एकात एक दिसतात. त्या वेळची कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगून नळीत शिरायची नाहीत, तेव्हा बाबांची चिडचिड पाहण्यासारखी असे.

आता रोज हातात असते ती छर्ऱ्याची बंदूक, तिला लायसन लागत नाही. गोठ्याच्या भिंतीला कागद लावतो, दहा मीटरवरून. त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. श्वास अर्धा सोडून थांबलं की तेवढ्यापुरता बँकेचा हप्ताही आठवत नाही. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकात स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीचं कांस्य आणलं, तेव्हा गावातले दोघं-तिघं "आमच्या पोट्ट्याले शिकवा" म्हणत आले होते. त्याआधी, २०१८च्या नोव्हेंबरात राळेगावकडे नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली, तेव्हा पुण्याचे नातलग मला फोन करून जाब विचारत होते, जसा काही घोडा मीच ओढला. तिच्या धाकानं वावरात जायला माणसं धजत नव्हती, ते मात्र कोणी विचारलं नाही.

असो. सांगायचं ते वेगळंच आहे.

२०१७. कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली ते साल. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस, आणि अळी. फवारणीची विषबाधा होऊन जिल्ह्यातली माणसं दवाखान्यात पडली होती. वेचणीला मजूर लावावेत एवढाही कापूस माझ्या वावरात नव्हता. डिसेंबरात एका रात्री तुरीत डुकरं शिरली. मी दुनळी काढली, काडतुसांचा डबा उघडला, तर रिकामा.

बायकोला हाक मारली. ती जागीच होती. "आर्णीले नेऊन ठेवले. भावाकडं."

कुरड्यांच्या डब्यात घालून एसटीनं नेली होती. मी भडकलो. लायसन माझ्या नावावर, हिशेब मला द्यायचा, वाटेत कोणी डबा उघडला असता तर तू आत, माझं लायसन रद्द, वरून भावालाही गोवलंस! शस्त्र कायदा मी तिला खाटेवर बसवून ऐकवला आणि तिकडे डुकरं तूर लोळवत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "किती दिवस झाले, तुमी कोनाशी बोलून नाही रायले. जेवत नाही. अन् दुपारी बसून ते बंदूक पुसता. पुसलेलीच पुसता."

मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. पुसताना माझं डोकं शांत होतं, बाबांचंही होत असे. पण हे पटवायचं कसं? आमच्या पट्ट्यात ज्या घरातून माणूस गेला तिथले लोकही हेच सांगतात, तसं काही वाटलंच नाही म्हणून. तिला पाहायला माझं तोंड तेवढं होतं, आणि ते बंद होतं.

तिशीत मी पारावर ठासून सांगायचो, बंदूक घरात असली की माणूस निर्धास्त झोपतो. कोण झोपतो, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून विकायला हवी, असं तुम्ही म्हणाल. मला ते अर्धंच पटतं. त्या साली घरात कीटकनाशकाचे डबेही होते, त्यांना लायसन लागत नाही, ते कोणी विकून टाका म्हणत नाही. हे बोललो की बायको म्हणते, ते डबे तुम्ही मांडीवर घेऊन बसत नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी दुनळी विकायला हात धजत नाही.

काडतुसं परत आली. डब्याला कुलूप आहे, किल्ली तिच्याकडे. रात्री डुकरं आली की तिला उठवावं लागतं. ती आधी माझ्या तोंडावर टॉर्च मारून नीट पाहते, मग किल्ली देते. कधी देत नाही, म्हणते, "जाऊ द्या, फटाके लावा." मग मी फटाके लावतो.