मंडईतला बँड आणि तुटलेली तिसरी पिन

झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, साउंडवाल्याचं वर्ष भाऊबीजेला सुरू होतं. धान कापणीला येतं, गावोगावी मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरतात, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांपुढं बुकिंगवाल्यांची गर्दी होते आणि माझ्या गोदामातून बाहेर पडलेले बॉक्स थेट होळीच्या सुमारास परत येतात. नाटकाचा साउंड तसा अंगवळणी पडलेला असतो. वर टांगलेले माइक, पुढच्या काठावर दोन-तीन माइक, खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नाटक पहाटेपर्यंत चालतं, आपण मिक्सरवर बसून चहा पीत राहायचं.

म्हणून मागच्या हंगामात वैनगंगेकाठच्या एका गावातून मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, "भाऊ, नाटकाच्या आधी अर्धा घंटा पोट्ट्याईचा बँड हाये, पाहून घेजा," तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. दोन गायिका, एक कीबोर्ड, बाकी ट्रॅकवर. चार माइक जास्त टाकले की झालं.

दुपारी छोटा हत्ती आला आणि त्यातून अख्खा ड्रमसेट उतरला. डबल पेडल, झांजांमधे दोन क्रॅश, कडेला चीर गेलेली एक राइड. मागोमाग गिटारचा अँप, बेस आणि चार पोरी. सगळ्या विशीच्या आतबाहेरच्या. दोघी ब्रह्मपुरीला कॉलेजात, एक नर्सिंगला, एक आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला. ड्रमवालीनं वहीचं फाडलेलं पान माझ्या हातात दिलं. किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर, वरून दोन ओव्हरहेड माइक, बेस डीआयच्या डबीतून थेट मिक्सरला, गिटारच्या अँपपुढं माइक, व्होकल दोन. कोणता चॅनल कोणाचा, सगळं ओळीनं लिहिलेलं. नागपूरहून येणाऱ्या ऑर्केस्ट्रांनीसुद्धा असा कागद मला कधी दिला नव्हता.

"भाऊ, किकमंधी टाकाले एखादी गोधडी भेटन का?"

गोधडी दिली. किकमध्ये कापड कोंबलं की घुमणं कमी होतं आणि ठोका नेमका ऐकू येतो. हे तिला कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, मोबाइलनं.

तोवर मैदानावर दंडारी, आमच्याकडची लोकनाच्यांची पथकं, येऊन नाचून जात होत्या आणि पाळण्यांच्या बाजूला एकाचा डीजे चालू होता. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर आवाजाचीच कुरकूर झाली.

साउंडचेकला सूर्य मावळला होता. गिटारवालीच गायची. तिनं एक कॉर्ड वाजवली, माइकजवळ तोंड नेलं आणि झटक्यात मागं फेकली गेल्यासारखी सरकली. हात ओठावर. आधी मला वाटलं माइकची जाळी लागली. तिनं पुन्हा बोट लावून पाहिलं, दुसरा हात तारांवर होता, आणि पुन्हा झटका.

मंडपवाल्याचा पोरगा तिथंच उभा होता. "एवढा करंट तं लागतेच ना जी. चप्पल घालून गा म्हणा."

बेसवालीनं बेस खाली ठेवला, बॅगेतून मल्टिमीटर काढला. एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. एकशे दहा व्होल्टच्या आसपास. तिनं मीटर माझ्यापुढं धरला, मग त्या पोराच्या पुढं धरला. त्याला म्हणाली, "दादा, १९७२ मंधी स्वान्सीले स्टोन द क्रोज बँडचा गिटारवाला, लेस हार्वे, असाच स्टेजवर मेला. अर्थिंग नसलेल्या माइकनं." पोरगा काही बोलला नाही. नाव त्याच्या डोक्यावरून गेलं असेल, पण मेला हा शब्द गेला नाही.

घोटाळा असा होता. माझा मिक्सर आणि सगळे अँप्लिफायर जनरेटरवर. गिटारचा अँप स्टेजच्या मागच्या बोर्डात, आणि तो बोर्ड मंडपवाल्यानं रस्त्यापलीकडच्या एका घराच्या मीटरवरून ओढलेला. दोन पुरवठे, दोन वेगळी अर्थिंगं. त्यातही एक्स्टेन्शनच्या टॉपची, म्हणजे प्लगची, तिसरी अर्थिंगची पिन तोडलेली, दोन पिनच्या सॉकेटात बसावी म्हणून. म्हणजे त्या अँपला अर्थिंगच नव्हतं. अँपच्या खोक्यातून गळणारा करंट तारेवर येऊन थांबलेला, माइक इकडं जनरेटरच्या अर्थिंगला बांधलेला, आणि दोघांच्या मधे पोरीचा ओठ. आमच्या धंद्यात तिसरी पिन तोडणं इतकं सर्रास आहे की नव्या टॉपला पक्कड लावणारी माणसं मी रोज पाहतो. नाटकात ते खपून जातं, कारण तिथं वरचे माइक टांगलेले, नट त्यांना हात लावत नाही. गिटारवाल्याचं तसं नसतं, त्याचं अंग कायम दोन्हीकडं चिकटलेलं.

गिटारचा अँप माझ्या बोर्डावर आणला. जनरेटरच्या अर्थिंगची सळई जेमतेम वीतभर जमिनीत होती, ती घणानं आत ठोकली, मिठाचं पाणी ओतलं. अध्यक्ष घड्याळ पाहत येरझारा घालत होते. जनरेटरवाला मीठ शोधायला गेला तेवढ्यात ड्रमवालीनं मला मोबाइलवर एक बँड दाखवला. व्हॉइस ऑफ बाचेप्रॉट. इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या गारुत जिल्ह्यातल्या एका गावच्या तिघी, हिजाब बांधून मेटल, म्हणजे रॉकचा दणदणीत प्रकार, वाजवणाऱ्या. २०१४ साली शाळेत असताना सुरू केलं, त्यांच्या एका सरांनी हाती वाद्यं दिली. गावात शिव्या खाल्ल्या, धमक्या आल्या. २०२४ ला इंग्लंडच्या ग्लास्टनबरीला वाजवलं, तिथं वाजवणारा इंडोनेशियाचा तो पहिला बँड. "त्या ड्रमवालीचे पाय पाहा भाऊ," एवढंच ती म्हणत होती. मी पाय पाहिले. मला त्यांच्या मागचा डोंगर आणि धानाच्या बांध्या जास्त दिसल्या.

मला आठवत होता श्रीनगरचा पोरींचा बँड, प्रगाश. दहावीतल्या तिघी. २०१२ च्या डिसेंबरात स्पर्धेत नाव काढलं, मग नेटवर घाण घाण लिहिलं गेलं, मुफ्तींचा फतवा आला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत बँड बंद. हे मी तिला बोललो नाही. साउंडचेकच्या वेळी कोणी असलं बोलतं का?

पुन्हा मोजलं. दोन व्होल्टच्या आत. बेसवालीनं आधी स्वतः तार धरून माइकला हात लावला, मग गिटारवालीला बोलावलं.

नऊच्या सुमारास सुरू झालं. पहिल्या गाण्याला डबल पेडल लागलं तसे स्टेजवरचे बल्ब ठोक्यागणिक मंद होऊ लागले. जनरेटर दमत होता. हॅलोजन दोन बंद करायला लावले. समोर पुढं बाया आणि लेकरं, मागं उभे पोट्टे. पोट्ट्यांनी पहिली पाच मिनिटं शिट्ट्या मारल्या, त्यातल्या निम्म्या चांगल्या हेतूच्या नव्हत्या. मोठा आवाज अंगावर आला की शिट्टी ऐकू येत नाही, हा या संगीताचा मला कळलेला पहिला फायदा.

गाणं जिथं गुरगुरत खाली जातं तिथं लोक हसले. मग कोणीतरी ओळखलं. नाटकातला खलनायक एंट्रीला जशी आरोळी देतो तशी ती होती, आणि ती आरोळी आमच्या माणसाला लहानपणापासून पाठ. टाळी पडली.

तिसरं गाणं त्यांचं स्वतःचं, रोवण्याच्या गाण्यावर बांधलेलं. चिखलात वाकून पऱ्हे लावताना बाया म्हणतात ते. खालून बेस आणि किक एकाच सुरात, वरून ते शब्द. पुढच्या म्हाताऱ्या आधी गप्प, मग त्यांची आपसात कुजबुज, आणि एकीनं गाणं संपताच मोठ्यानं सांगितलं, "असं नाई म्हणत बाई ते. वर जाते तिथं." गिटारवाली स्टेजवरूनच म्हणाली, "म्हणून दाखवा ना आजी." आजीनं पदर तोंडाला लावला. म्हणून काही दाखवलं नाही.

कुरकूर इथं झाली. मंडळातले एक काका मिक्सरपाशी आले, "भाऊ, कमी करा, पोरीच्या जातीले एवढा आवाज?" माझ्याकडं आवाज मोजायचा मीटर असतो. त्यांना दाखवला, १०२ डेसिबल. दुपारच्या डीजेचा मोजला होता, ११० च्या वर. तेव्हा हेच काका त्याच्यापुढं नाचत होते. हे मी बोललो नाही, ग्राहक आहेत. मास्टर फेडर, म्हणजे सगळा आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हलवल्याचं नाटक केलं. ते समाधानानं गेले. साउंडवाल्यांना हे नाटक येतंच.

खरं सांगायचं तर वादन सगळं जमलेलं नव्हतं. ड्रमवाली पक्की, लय सोडत नाही. बेसवाली कमी वाजवते आणि नेमकं वाजवते. गिटारवाली डिस्टॉर्शनच्या खरखरीमागं लपते, आणि शब्द गिळते. मराठीत शब्द गिळून चालत नाही, आमच्याकडं प्रेक्षक संवाद ऐकायला बसलेला असतो. चौथी दुसऱ्या माइकवर होती, तिचा आवाज सगळ्यात चांगला आणि तिला सगळ्यात कमी ओळी.

अर्धा तास ठरला होता, पस्तीस मिनिटं झाली तसा नाटकाचा मॅनेजर हातवारे करू लागला. कंपनीचा ऑक्टोपॅडवाला मात्र विंगेत उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. नंतर ड्रमवालीशी दहा मिनिटं बोलला. काय ते मला कळलं नाही, पण जाताना स्वतःच्या स्टिकांची एक जोडी तिला देऊन गेला.

मंडळानं त्यांना ठरलेल्यापेक्षा कमी पाकीट दिलं. बेसवालीनं तिथंच मोजलं आणि उरलेले मागितले. अध्यक्षांनी "पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं. ती हलली नाही. मिळाले.

तेव्हापासून चंद्रपूरकडची एक-दोन कॉलेजांची गॅदरिंग त्यांनी केली. नागपूरला एका स्पर्धेत उतरल्या, बक्षीस नाही आलं, पण तिथून दोन बुकिंग निघाली. पावसाळ्यात माझं गोदाम रिकामंच असतं, तिथं त्या रविवारी सराव करतात. भाडं घेत नाही, बदल्यात बेसवालीनं माझे सगळे एक्स्टेन्शन बोर्ड तपासून दिले. अकरा निकामी निघाले. चौथीच्या ओळी वाढवा म्हणून मी मागं लागलोय. गिटारवाली ऐकत नाही, आमचा वाद चालू आहे.