मिटलेली छत्री

दुपारी कपाटामागे हात घातला आणि आजोबांची छत्री पायावर आदळली. लांब दांड्याची, काळी, वाकड्या मुठीची. उघडली तर कापडाला भोकं, पण खटका तसाच कडक. त्याने बोटाला चिमटा काढला, तेव्हा ओळख पटली.

आजोबांना छत्री पावसापेक्षा कोरड्यातच जास्त लागायची. कुत्रं हाकलायला, पलंगाखालचा चेंडू ओढायला, जागेवरून न उठता दिव्याचं बटण दाबायला. एकदा मी ती उघडून भिंतीवरून उडी मारली. तरंगत उतरेन असा हिशेब होता. छत्री उलटली, माझे गुडघे फुटले आणि आजोबांनी धावत येऊन आधी काड्या मोजल्या. आठ. सगळ्या शाबूत. मग माझ्याकडे वळले.

पावसाशी छत्रीचं लग्न तसं उशिराच लागलं. संस्कृतातलं तिचं नावच आतपत्र, म्हणजे उन्हापासून राखणारं. आपणही छत्रछायाच म्हणतो. राजावर छत्र धरायला मात्र दुसरा माणूस असे. दांडा स्वतःच्या हातात आला की राजेपण संपलं. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे छत्री घेऊन रस्त्याने निघे, तेव्हा भाड्याच्या बग्गीवाले त्याची टर उडवत. बरोबरच आहे, लोक भिजले तरच त्यांना भाडं मिळणार!

घडीच्या छत्रीशी माझं मुळीच जमत नाही. मिटली की ती कसल्याच कामाची उरत नाही, पिशवीत तोंड लपवून बसते. पण ती १९२८च्या सुमारास ज्याने काढली त्या जर्मनीतल्या हान्स हाउप्टवर रागावताही येत नाही. युद्धात जखमी झालेला माणूस, एका हातात कायमची काठी. त्यात लांब छत्री कुठे सांभाळणार?

आजोबांनी काठी शेवटपर्यंत घेतली नाही. "काठी म्हाताऱ्यांना लागते," म्हणायचे. आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी छत्री घेऊन निघायचे. विचारलं की, "येईल रे पाऊस, काय सांगावं." घरात कुणी पुढे काही बोलत नसे.

आज पहिल्यांदाच तिचं टोक नीट पाहिलं. एका बाजूने तिरकं झिजलंय.

दुरुस्तीला टाकावी असं मनात आलं होतं. पण कापडाबरोबर ते टोकही नवं बसवतील. ठेवली परत कपाटामागे.