तुम्ही विचारलंत म्हणून: ते आपल्या मावळ्यांसारखेच ना?

तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी, शाळेच्या ग्रुपवरचे वर्गमित्र, एका व्याख्यानानंतर चहाचा कप घेऊन थांबलेले निवृत्त शिक्षक, सगळ्यांनी विचारून झालं आहे. "तुम्ही तिकडे कुर्दांमध्ये काम केलंत ना? डोंगरातली मूठभर माणसं, पण आयसिसला पुरून उरली. आपल्या मावळ्यांसारखीच ना?" उत्तर प्रश्नातच असतं, मी फक्त मान हलवायची. परवा मी पुन्हा मान हलवली, कारण विचारणाऱ्या बाई प्रेमाने विचारत होत्या आणि मी दमलेली होते. घरी आल्यावर घास उतरेना. म्हणून एकदा काय ते लिहून टाकते.

आधी माझी चूक. ही उपमा तुमच्याआधी मीच दिली आहे. २०१६ च्या गणपतीत मी सुट्टीवर डोंबिवलीला आले होते आणि मंडळाने बोलायला बोलावलं. मी कोबानी सांगितलं, सीरियातलं तुर्कस्तानच्या सीमेवरचं कुर्दांचं शहर. सप्टेंबर २०१४ पासूनचा वेढा, दाइशच्या (म्हणजे आयसिसच्या) हातात गेलेला अर्धाअधिक गाव, गल्लीगल्लीतून लढणाऱ्या वायपीजे या सीरियन कुर्दांच्या बायकांच्या फौजेतल्या मुली, इराकमधून तुर्कस्तानमार्गे तोफा घेऊन मदतीला गेलेले दीडशेएक पेशमर्गा (इराकी कुर्दांचे सैनिक), आणि जानेवारी २०१५ च्या अखेरीला सुटलेलं शहर. "आपले मावळेच म्हणा ना," असं मी मंडपात म्हणाले. टाळ्या पडल्या. अमेरिकेच्या विमानांनी त्या शहरावर महिनोन् महिने बॉम्ब टाकले, हे मी सांगितलं नाही. ते सांगितलं की गोष्ट मावळ्यांची उरत नव्हती.

आणि कोबानीला मी कधी गेलेलीच नाही. त्या मुलींपैकी एकही मला भेटलेली नाही. मी होते सीमेच्या अलीकडे, इराकच्या बाजूला, दुहोकमध्ये. एका मदतसंस्थेचं कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप होतं, तिथे. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकलेली विद्या, तीच तिथे वापरली. साचा घ्यायचा, सॉकेट बनवायचं, माणसाला समांतर दांड्यांच्या मध्ये उभं करायचं आणि चालवून बघायचं. मी पाहिलेलं युद्ध गुडघ्याखालचं आहे.

तरी मी मंडपात कोबानी सांगितलं, जे पाहिलं नव्हतं ते. जे पाहिलं होतं ते गिळलं. तेव्हा त्या गोष्टीला सहा महिने होऊन गेले होते.

फेब्रुवारी २०१६. बाहेर पाऊस, आत केरोसीनचा हीटर. दांड्यांमध्ये एक पेशमर्गा उभा होता, चाळिशीचा. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. १३ नोव्हेंबर २०१५ ला शिंगाल शहर परत घेतलं (तुम्ही ज्याला सिंजार म्हणता ते), त्यानंतर घरं मोकळी करताना दाराखाली पुरलेला स्फोटक फुटला होता. दाइश जाताना सगळीकडे हेच पेरून जायची. उंबऱ्याखाली, फ्रिजमध्ये, कुराणाच्या प्रतीखालीसुद्धा, असं आमचे पेशंट सांगायचे. हा माणूस अबोल होता. लढाई नसेल त्या दिवसांत तो टॅक्सी चालवायचा, कारण पगार तीन-तीन, चार-चार महिने होत नसे. डावा पाय शाबूत आहे म्हणजे क्लच दाबता येईल, हे त्याने मला पहिल्याच भेटीत समाधानाने सांगितलं होतं.

बाकावर एक याझिदी (शिंगालच्या भागातला, वेगळा प्राचीन धर्म पाळणारा समाज) बाप आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा बसले होते. मुलाचा डावा पाय. ऑगस्ट २०१४ मध्ये शिंगालच्या डोंगरावर पळताना खडकांत पडला, जखम चिघळली. वाट मोकळी होऊन सीरियातून फिरून दुहोकला पोचेपर्यंत पाय वाचवण्यासारखा राहिला नव्हता. मुलाची आई आणि थोरली बहीण त्या दिवसापासून बेपत्ता होत्या. त्या दिवशी मी मुलाचा साचा घेत होते. प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून झाली होती आणि ती सुकेपर्यंत मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. मुलगा हसत होता, पट्टी गरम होते ना, त्याला गुदगुल्या होत होत्या.

बापाने सहज, वेळ जावा म्हणून, समोरच्याला विचारलं, पाय कुठे गेला? तो म्हणाला, शिंगालला. बाप उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून त्याने मान लववली. तिकडची रीत आहे ती. म्हणाला, आमच्या गावासाठी. मग दोघं बोलू लागले. कुठल्या बाजूने आलात, कोणता रस्ता. आणि त्या माणसाने, कशाला देव जाणे, सांगितलं की मला रस्ते आधीपासून माहीत होते. मी पूर्वीही तिथे होतो.

पूर्वी म्हणजे कधी?

चौदा साली.

आमची दुभाषी दुहोकचीच मुलगी. ती माझ्या कानाशी सांगत होती, ती इथे थांबली. मला तेवढं समजण्याइतकी भाषा येत होती. बापाने विचारलं, त्या रात्री? दांड्या धरून उभा असलेला माणूस म्हणाला, हो.

त्या रात्रीचं तुम्हाला बहुधा माहीत नसतं. ३ ऑगस्ट २०१४ ला पहाटेच्या आधी दाइश दक्षिणेकडून शिंगालवर आली. तिथल्या याझिदींच्या रक्षणाला पेशमर्गा नेमलेले होते. हजारो. ते माघारी गेले. गाड्यांत बसून, गावांना न सांगता. गिर झरेक आणि सीबा शेख खिदिर या गावांतल्या पुरुषांनी घरातल्या बंदुका घेऊन गोळ्या संपेपर्यंत तोंड दिलं, त्यांना वाटत होतं मागून कुमक येतेय. सहा हजारांहून जास्त याझिदी, मुख्यतः बायका आणि मुलं, पकडून नेली गेली. त्यातली अडीच हजारांच्या वर माणसं अजून सापडलेली नाहीत. जी डोंगरावर पोचली ती उन्हात, पाण्यावाचून, दिवसचे दिवस अडकली.

बाप ओरडला नाही. त्याने फार हळू विचारलं, "लढला नाहीत, ते राहू दे. त्यांच्याकडे रणगाडे होते. पण जाताना दार का नाही वाजवलंत? एक दार वाजवलं असतं तर त्याने पुढचं वाजवलं असतं."

पेशमर्गा म्हणाला, "हुकूम आला, काक. गाड्या सुरू होत्या. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

काक म्हणजे थोरला भाऊ, तिकडे आदराने नावाआधी लावतात. माझ्या कानाला ते दर वेळी काका ऐकू यायचं. मी त्या दोघांनाही काक म्हणत असे.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्या हातात मुलाचा पाय होता. पण समोर माझा पेशंट दांड्यांमध्ये थरथरत होता, नवा पाय, पहिलाच आठवडा, पडला असता. मी दुभाषीला म्हटलं, सांग त्यांना, यांनी पाय घालवलाय त्यांचंच गाव सोडवताना. ती म्हणाली, हे मी नाही सांगणार. मग मीच सांगितलं. माझ्या तुटक कुर्मांजीत (तिथली कुर्दी बोली), बोटाने दाखवून: याचा पाय. शिंगालला. तुमच्यासाठी.

बापाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साचा अजून पुरता सुकला नव्हता. त्याने तो स्वतः ओढून काढला, मुलाच्या पायावर मोजा चढवला, मुलाला कडेवर घेतलं आणि गेला. दहा वर्षांचा मुलगा, कडेवर. कुबड्या बाकापाशीच राहिल्या, त्या मी धावत जाऊन रस्त्यावर दिल्या. त्याने घेतल्या. बोलला नाही.

ते परत आले नाहीत. दोन आठवड्यांनी मी खानकेच्या छावणीत गेले, तर त्यांच्या तंबूत दुसरं कुटुंब. शेजारच्या बाई म्हणाल्या, डोंगरावर परत गेलेत, तिकडे तंबू आहेत. साचा जरासा दबला होता तरी त्यावरून मी सॉकेट बनवलं. फळीवर ठेवलं. त्या वयाच्या मुलाचं सॉकेट वर्षभरही पुरत नाही, मूल वाढतं. मला हे ठाऊक होतं, तरी बनवलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ते भित्रे. नाही, हेही मी ऐकून घेणार नाही. २००३ नंतर त्या फौजेने खरी लढाई पाहिली नव्हती. हातात जुन्या रशियन बंदुका. समोर दाइश, जिने जूनमध्ये मोसुल घेताना पळणाऱ्या इराकी सैन्याकडून अमेरिकन चिलखती गाड्या मिळवल्या होत्या. शिंगाल गेलं त्याच आठवड्यात मखमूर पडलं, इराकी कुर्दांची राजधानी एर्बिल तासाभराच्या अंतरावर उरलं. आणि तीच माणसं थांबली, वळली, पुढची तीन वर्षं हजार किलोमीटरच्या आघाडीवर उभी राहिली. सतराशेच्या वर मेली. जखमींचा आकडा हजारोंत, त्यातले थोडे माझ्या बाकावर बसून गेले. पेशमर्गा या शब्दाचा अर्थ मृत्यूला सामोरे जाणारे. मी त्यांचे उरलेले पाय धुतले आहेत, मापं घेतली आहेत. त्यांना पळपुटे म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन.

पण मग दार? दाराचं उत्तर या परिच्छेदात कुठेही नाही, हे मला दिसतं.

डोंगराची वाट शेवटी उघडली ती सीरियातून आलेल्या वायपीजी (सीरियन कुर्दांची फौज) आणि पीकेके (तुर्कस्तानातल्या कुर्दांची सशस्त्र संघटना) यांच्या कुर्दांनी, ज्यांचं या इराकी पेशमर्गांच्या पुढाऱ्यांशी पटत नव्हतं. शरफदीनच्या देवळापाशी कासिम शेशो मूठभर याझिदींना घेऊन टिकून राहिला, तो कोणाची वाट बघत बसला नाही. म्हणजे "कुर्द लढले" आणि "कुर्द सोडून गेले" ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यातली आहेत, आणि ती वेगवेगळ्या माणसांची आहेत. माझ्या पेशंटच्या बाबतीत एकाच माणसाची.

मावळ्यांवर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. मी त्यांना कमी लेखत नाही. पण ही उपमा आपण देतो ती त्या लोकांना समजून घ्यायला नाही, आपल्याला बरं वाटायला. आपल्या पाठ्यपुस्तकांत गड आहेत, खिंडी आहेत. गडावरची शिबंदी निघून गेली तेव्हा पायथ्याच्या गावाला कोणी सांगितलं का, हा धडा मला कुठल्याच इयत्तेत नव्हता. शिंगालचा बाप त्या पायथ्याच्या गावचा. उपमा दिली की तो गोष्टीतून जातो.

तसंच ते दुसरं, याझिदी मूळचे हिंदूच, त्यांचा मोर म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा, असे मेसेज. मला पाठवू नका. त्यांचा मलक ताऊस (मोराच्या रूपातला देवदूत) त्यांचा आहे, लालिशचं देऊळ त्यांचं आहे. आपले निघाले तरच त्यांचं दुःख मोजायचं, असं काही आहे का? आणि मुसलमानांविरुद्ध दाखला म्हणून ही गोष्ट हवी असेल त्यांनी हेही लिहून घ्यावं की माझे बहुतेक पेशमर्गा पेशंट सुन्नी मुसलमान होते, दुपारची नमाज ते वर्कशॉपच्या कोपऱ्यात, एकच पाय धुऊन, खुर्चीवर बसून पढायचे. आणि त्याच २०१४ च्या मे महिन्यात दाइशकडे गेलेली चार मुलं कल्याणची होती. माझ्या घरापासून दोन स्टेशनांवरची. दुहोकमध्ये मला कोणी हे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं बोलले असते का, याची मला खात्री नाही.

नंतरचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. सप्टेंबर २०१७ चं इराकी कुर्दांचं सार्वमत, ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतंत्र व्हायचं म्हटलं, आणि तीन आठवड्यांत किर्कुक हातचं गेलं. तिथेही काही तुकड्या न लढता मागे फिरल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सीरियात अमेरिकेने आपले सैनिक सीमेवरून हलवले आणि तुर्कस्तानची फौज आत आली. दाइशविरुद्ध अकरा हजार माणसं गमावलेल्या, कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या फौजेला तेव्हा किती आधी कळवलं गेलं? त्या बातम्या वाचताना मला त्या बापाचंच वाक्य आठवलं, दार का नाही वाजवलंत. आणि लगेच वाटलं, हे वाक्य मी त्याच्याकडून काढून घेऊन दुसऱ्यांच्या हातात देतेय. परत तेच.

दहा वर्षं मी त्या दुपारशी भांडतेय. कधी वाटतं मी सांगितलं ते खरं होतं, माझ्या पेशंटची बाजू कोणीतरी घ्यायला हवी होती. कधी वाटतं, खरं असलं म्हणून काय झालं, त्या मुलाचा पाय हातात धरून? मंडपातली मी आणि दांड्यांपाशी बसलेली मी एकच होतो. दोन्ही वेळा मला लढणाऱ्याची बाजू आधी सुचली.

तो पेशमर्गा मात्र येत राहिला. दर वेळी आत आल्या आल्या बाकाकडे बघायचा आणि विचारायचा, मुलगा आला होता का? तिसऱ्या खेपेला म्हणाला, "माझा गुरुवार काढून टाका, मी मंगळवारी येईन. त्यांना गुरुवारच सोयीचा होता, मला बघून परत जायला नकोत." मी त्याच्या कार्डावर वार बदलला. गुरुवारी सकाळी दहाची वेळ मोकळी ठेवली. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी दुहोक सोडलं, तोवर ती मी दुसऱ्या कोणाला दिली नाही.