तुम्ही विचारलंत म्हणून: कॉइल बदलून पॉवर किती वाढली?

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, मुलांच्या वाढदिवसांना आणि एकदा तर एका घरी सांत्वनाला गेलो असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे. गेल्या आठवड्यात कोलंबसच्या एका तरुण स्नेह्याने तो फोनवर विचारला आणि वर म्हणाला, "काका, तुम्ही घरी केलंत म्हणजे सोपंच असणार." त्याच्या त्या 'म्हणजे'ने माझी झोप घालवली, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो. माझी माझदा आरएक्स-८, म्हणजे जिच्या ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइल मी २०१७ साली घरीच बदलल्या ती गाडी, बहुतेकांनी पाहिलेली आहे, तेव्हा तिचे मागचे दरवाजे उलटे का उघडतात वगैरे सांगत बसत नाही.

पॉवर वाढली नाही. एक अश्वशक्तीसुद्धा नाही. खुद्द माझदाने अमेरिकेत या गाडीचा सुरुवातीला जाहीर केलेला आकडा खाली आणून २३८ केला होता, आणि माझी गाडी मिसिंग करत असल्यामुळे त्याच्याही बरीच खाली असणार. चांगली कॉइल इंजिनाला नवे काही देत नाही, जे गळत असते ते फक्त थांबवते. एवढ्यावर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण पुढचा प्रश्न त्याच्याकडे तयार असतो: मग सरळ मूळच्याच नव्या कॉइल का नाही बसवल्या?

इथे मी हमखास चिडतो आणि आकडे सांगू लागतो. साध्या चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. माझ्या गाडीचे इंजिन रोटरी, म्हणजे सिलिंडरऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेले; त्यात शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये ठिणगी पडावी लागते. रोटर दोन, प्रत्येकाला एक लीडिंग (आधी ठिणगी देणारा) आणि एक ट्रेलिंग (मागून देणारा) प्लग, आणि प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल. ९००० आरपीएमला यातल्या प्रत्येक कॉइलला सेकंदाला १५० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ६.७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यातला मोठा भाग कॉइल भरण्यातच जातो. ६००० आरपीएमला फिरणाऱ्या व्ही-८ इंजिनात एका कॉइलवर सेकंदाला ५० ठिणग्यांचे काम असते. वर इंजिनाची धग आहेच. माझदाने या कॉइलच्या सुधारित आवृत्त्या काढल्या, तरी तीस-चाळीस हजार मैलांवर त्या बदलाव्यात असेच जाणकार सांगतात. म्हणून शेवरोलेच्या ट्रकमधल्या व्ही-८ च्या, पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असलेल्या थोराड कॉइल आरएक्स-८ ला बसवण्याची रीत पडली.

हे सगळे खरे आहे, आणि २०१७ साली मी ते ज्या ठसक्यात ऐकवत असे तो ठसका मात्र खोटा होता. मूळच्या चार नव्या कॉइल बसवायला तासभरही लागला नसता आणि गाडी पुढची चार वर्षे सुखाने चालली असती, कारण मी वर्षाला आठ हजार मैलांच्या वर ती चालवतच नव्हतो. तेव्हा मी वहीत खर्चाचा तक्ता मांडला होता, तो अजून आहे. त्यात मूळच्या कॉइल पुढच्या दहा वर्षांत तीनदा बदलाव्या लागतील असे धरले आहे. ते 'तीनदा' कुठून आले, हे मला आज सांगता येत नाही. मला ते काम करून पाहायचे होते, आणि तक्ता त्यासाठी होता. तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, विकत मिळत असूनही मी वायरी स्वतः ओढल्या, त्याचेही कारण तेच.

काम अवघड नव्हते, हे कबूल करायला हवे. अॅल्युमिनियमच्या पट्टीला भोके पाडून चार कॉइल एका ओळीत बसवल्या. मूळ कॉइलला तीन वायरी असतात: १२ व्होल्ट, अर्थिंग आणि ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, येणारा ट्रिगर (ठिणगीचा इशारा). नव्या कॉइलला चार लागतात, कारण सिग्नलचे अर्थिंग वेगळे असते. मी जाड वायरी घेतल्या, प्रत्येक सांधा क्रिंप करून वर हीट-श्रिंकची नळी चढवली, आणि कॉइलचे अर्थिंग रंग खरवडून थेट इंजिनावर घेतले. या कामात आजही कोणी खोट काढून दाखवावी.

खोट होती ती कागदी टेपमध्ये. मार्च महिना होता आणि आमच्या मिशिगनमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच. गॅरेजमध्ये हीटर नाही. जुने कनेक्टर सोडवताना मी प्रत्येक वायरीला टेप गुंडाळून पेनाने एल-१, एल-२, टी-१, टी-२ असे लिहिले होते. थंडीत त्या टेपचा गोंद धरत नाही, हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या रात्री साडेबाराच्या सुमारास पाहिले तर टी-१ आणि टी-२ च्या चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या होत्या. वायरींचे रंग वेगवेगळे होते, वायरिंगचा नकाशा लॅपटॉपवर उघडा होता, मल्टिमीटर हाताशी होता. मी यांपैकी कशाकडेही वळलो नाही. कोणती चिठ्ठी कोणत्या वायरीची हे मला 'आठवत' होते. मी त्या पुन्हा चिकटवल्या आणि झोपायला गेलो.

रविवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आयडलिंगला किंचित थरथर होती, पण आयडलिंगला बरेचसे काम लीडिंग प्लगच निभावून नेतात, त्यामुळे ट्रेलिंगचा घोळ तिथे लपतो. संध्याकाळी पत्नीला घेऊन भाजी आणायला निघालो आणि नोव्हायला आय-९६ च्या रॅम्पवर गाडी दाबली. पाच हजारांच्या पुढे तिने असा झटका दिला की पुढून कोणीतरी धरून ओढल्यासारखे वाटले. मागे सायलेन्सरमध्ये फटाका वाजला, आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, तो लुकलुकू लागला. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मी इतरांना समजावून सांगत आलो आहे: मिसफायर चालू आहे, न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे, पाय काढा. मी पाय काढला नाही. ईसीयू नव्या कॉइलशी जुळवून घेत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तसाच दोन मैल गेलो. मधे दोनदा पुन्हा दाबून पाहिले.

"काहीतरी जळतंय," पत्नी म्हणाली.

"नव्या वायरींचा वास आहे, जाईल."

"वायरींचा वास पायाखालून येतो?"

मी रस्त्याकडेला खडीवर गाडी घेतली. वाकून पाहिले तर तिन्हीसांजेच्या उजेडात कन्व्हर्टरचा पत्रा फुलवलेल्या कोळशासारखा लाल दिसत होता आणि त्यावरच्या उष्णतारोधक पत्र्याच्या कडेने धूर निघत होता. खडी होती म्हणून, खाली वाळलेले गवत असते तर काय झाले असते याचा विचार मी आजही फार वेळ करत नाही. पत्नी कोटाच्या खिशात हात घालून दूर जाऊन उभी राहिली. टो ट्रक यायला पन्नास मिनिटे लागली. तेवढ्या वेळात ती एकही शब्द बोलली नाही, आणि पॉवर किती वाढली हे तिने आजवर विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी रंग नकाशाशी ताडून पाहिले. दहा मिनिटांचे काम. टी-१ आणि टी-२ उलट लागले होते, म्हणजे पुढच्या रोटरची ट्रेलिंग ठिणगी मागच्यात आणि मागच्याची पुढच्यात, दोन्ही शाफ्टच्या अर्ध्या फेऱ्याने चुकलेल्या. अशी अवेळी ठिणगी अजून दाबले जात असलेले मिश्रण पेटवू शकते, आणि तो दणका रोटरच्या टोकावरच्या एपेक्स सीलला बसतो. वायरी अदलाबदल केल्यावर गाडी नऊ हजारांपर्यंत अशी गेली की मी हसलो. कन्व्हर्टर मात्र आतून फुटला होता. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा.

मग मी करायला हवे होते ते, पण उशिरा केले. रोटरी इंजिनाचे उपकरण असलेल्या एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन मिश्रण किती दाबते ते, मोजून घेतले. माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे. पुढच्या रोटरच्या तीन बाजूंचे आकडे ७.४, ७.५, ७.४ आले आणि मागच्याचे ६.७, ६.२, ६.६.

हा मागचा रोटर मी त्या दोन मैलांत मारला का? माझ्या बाजूने बोलायचे तर गाडी २००४ ची, ९८ हजार मैल चाललेली, जुन्या कॉइलवर कित्येक महिने मिसिंग करत असलेली. या वयात अशा इंजिनांची कॉम्प्रेशन उतरते, म्हणून तर माझदाला इंजिनाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. शिवाय अदलाबदल दोन्ही रोटरांची झाली होती, मग पुढचा धडधाकट कसा राहिला? माझ्या विरुद्ध बोलायचे तर ६.२ हा एकच आकडा शेजारच्या दोन्हींहून वेगळा पडतो, आणि सारखी झीज झाली असती तर तो असा एकटा पडला नसता. दोन्ही बाजू मी इतक्या वेळा मांडल्या आहेत की आता कोणतीच पटत नाही. काम सुरू करण्यापूर्वी एकदा कॉम्प्रेशन मोजले असते तर वादच उरला नसता. नोकरीत मी चाचण्यांचे काम करतो. मूळ मोजमाप न घेता कोणी बदल केला तर मी त्याचा अहवाल वाचायच्या आधीच परत पाठवतो.

गाडी नंतर तीन वर्षे चालली. इंजिन गरम असताना पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करू लागली, पेट्रोल पंपावर इंजिन बंद करायची भीती वाटू लागली, तेव्हा इंजिन उतरवले. कॉइल त्याच आहेत आणि उत्तम आहेत. पट्टीवर आता प्रत्येक कॉइलखाली पंचाने ठोकून अक्षरे उमटवली आहेत.

कोलंबसच्या मुलाला मी सांगितले, की आधी कॉम्प्रेशन मोजून घे, सहाही आकडे मला पाठव आणि मग एखाद्या शनिवारी ये, वायरी आपण दोघे मिळून ओढू. मोजायला किती पैसे पडतात, असे त्याने विचारले. मी आकडा सांगितला.

"काका, तेवढ्यात दोन कॉइल येतात," तो म्हणाला.

२०१७ च्या माझ्या वहीत, तक्त्याच्या खाली, हेच वाक्य लिहिलेले आहे.